थकलेल्या सेवेकऱ्याला ऐकू येणारी हाक

लाड कारंज्याच्या काळे घराण्यात एक मूल जन्मलं. रडण्याऐवजी ते ॐ म्हणालं, आणि पुढची सात वर्षं त्याच्या तोंडून दुसरा शब्दच फुटला नाही. मूल मुकं आहे, असं लोकांनी ठरवून टाकलं. माधव आणि अंबा या आईवडिलांनी किती नवससायास केले असतील! मग मुंजीचा दिवस उजाडला. आईने पहिली भिक्षा घातली आणि मुलाने ऋग्वेद म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या भिक्षेला यजुर्वेद. तिसऱ्या भिक्षेला सामवेद!

ही कथा सरस्वती गंगाधरांच्या ‘गुरुचरित्रा’तली. हे मूल म्हणजे नृसिंह सरस्वती. परंपरा त्यांचा जन्म शके १३००, म्हणजे सन १३७८च्या सुमाराचा मानते. वाशिम जिल्ह्यातल्या या कारंज्यात त्यांचं गुरुमंदिर आहे आणि तिथे वर्षभर पारायणं चाललेली असतात.

कथेवर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, तिची रचना मात्र बघा. ज्या गुरूच्या शब्दासाठी पुढे हजारो लोक रांगा लावणार आहेत, त्याच्या चरित्राची सुरुवात सात वर्षांच्या मौनाने होते. आणि हे तर काहीच नाही. त्याच ग्रंथाच्या अगदी दाराशी एक माणूस उभा आहे, ज्याच्याविषयी आपण फार कमी बोलतो. तो भक्त आहे, आणि तो पार थकलेला आहे.

त्याचं नाव नामधारक. गाणगापूरच्या वाटेवर आहे, तहानभूक हरपली आहे, आणि तो चक्क गुरूशी भांडतो आहे. तुझी एवढी कीर्ती ऐकली, मग माझीच हाक तुला का पोचत नाही? सेवा घेऊन मग फळ देणार असशील तर त्यात तुझं औदार्य ते काय? देवाला इतकं रोखठोक बोलणारा भक्त पहिल्याच अध्यायात! भांडून भांडून तो दमतो आणि त्याचा डोळा लागतो. आणि मग, झोपेत, एक योगी येतो. कपाळाला भस्म लावतो, भिऊ नको म्हणून अभय देतो. जाग येते तर आसपास कुणी नाही. नामधारक उठून चालू लागतो आणि पुढे त्याला तेच रूप प्रत्यक्ष भेटतं. ते सिद्धमुनी. इथून पुढचं सगळं ‘गुरुचरित्र’ म्हणजे सिद्धमुनींनी या थकलेल्या माणसाला सांगितलेली गोष्ट.

क्रम लक्षात आला? आधी थकवा, मग तक्रार, मग झोप, आणि त्यानंतर हाक. झोपेच्या आधी गुरू एक शब्द बोलत नाहीत.

हा थकवा ज्यांनी सेवा केली आहे त्यांना सांगावा लागत नाही. प्रत्येक देवळाच्या, मठाच्या, चर्चच्या मंडळात एक माणूस असतोच. वर्गणीचं पावतीपुस्तक त्याच्याकडे, मंडपवाल्याचा फोन त्याला, महाराजांना स्टँडवरून आणायचं त्यानेच, आणि महाप्रसादाची शेवटची पातेली घासून होईपर्यंत थांबायचंही त्यानेच. वर्षानुवर्षं हे सगळं आनंदाने चालतं. मग एके दिवशी आरतीला उभं असताना त्याच्या लक्षात येतं की आत काहीच हलत नाही. हात टाळ्या वाजवतायत, ओठ हलतायत, मन कोरडं. रांगेतल्या म्हातारीने प्रसाद दुसऱ्यांदा मागितला तर तो तिच्यावर खेकसतो. रात्री त्याला झोप येत नाही: माझी श्रद्धा गेली की काय?

श्रद्धा गेलेली नसते. मग काय गेलेलं असतं? ते कळायला जगाला १९७४ साल उजाडावं लागलं.

हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर हे न्यूयॉर्कचे मानसतज्ज्ञ. नाझींच्या जर्मनीतून लहानपणी पळून आलेले. दिवसा स्वतःचा दवाखाना सांभाळायचा आणि रात्री गरिबांसाठीच्या मोफत दवाखान्यात फुकट राबायचं, असा त्यांचा नेम. तिथले स्वयंसेवक वर्ष-दीड वर्षात कसे विझत जातात ते त्यांनी पाहिलं. गंमत अशी की विझणारे आळशी नव्हते, सगळ्यात जास्त झोकून देणारे होते! पुढे ते स्वतःच कोसळले. कुटुंबाबरोबर सुट्टीला निघायच्या दिवशी त्यांना अंथरुणातून उठता येईना. तेव्हा त्यांनी टेपरेकॉर्डर घेतला, त्यात मनातलं सगळं बोलून टाकलं आणि मग स्वतःचाच आवाज परक्यासारखा ऐकला. आपण इतके चिडलेलो आहोत, इतके दमलो आहोत, हे त्यांना तेव्हा समजलं. आज सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘बर्नआउट’ हा शब्द त्यांच्याच १९७४च्या लेखामुळे या अर्थाने रूढ झाला.

पुढे क्रिस्टिना मॅस्लाक यांनी हा थकवा मोजायची प्रश्नावली तयार केली. ती १९८१ साली आली. त्यांना यात तीन धागे दिसले. पहिला, मनाची ताकद संपणं. दुसरा, समोरचा माणूस माणूस न वाटता नुसतं काम वाटू लागणं. तिसरा, आपण करतो त्याचा काही उपयोग नाही असं वाटणं. आता त्या म्हातारीवर खेकसणाऱ्या सेवेकऱ्याकडे पुन्हा बघा. तो दुष्ट झालेला नाही. हा दुसरा धागा आहे, आणि तो पहिल्या धाग्यातून निघतो. मन रितं झालं की उरलेलं वाचवण्यासाठी ते माणसांपासून मागे सरतं.

वाशिमकडच्या शेतकऱ्याला हे एका वाक्यात समजेल. एप्रिल महिन्यात मोटार सुरू केली की विहीर तासाभरात तळाला जाते. पण म्हणून विहीर मेली, असं कुणी म्हणत नाही. झरे जिवंत असतात, फक्त उपसा पाझरापेक्षा जास्त झालेला असतो. मोटार बंद करायची, रात्र जाऊ द्यायची. सकाळी पाणी चढलेलं असतं. तळाला गेलेल्या विहिरीवर मोटार चालूच ठेवली तर पाणी येत नाही, मोटार जळते.

बरं, हा काही आपल्या धावपळीच्या युगाचा आजार असेल असं वाटतं ना? मग इजिप्तच्या वाळवंटात चला, चौथ्या शतकात. इव्हाग्रियस नावाचा साधू आपल्या कोठडीत बसून साधूंना छळणाऱ्या विकारांची नोंद करतोय. त्यातला एक दुपारी येतो. सूर्य हलतच नाही असं वाटतं. साधू पुन्हा पुन्हा खिडकीबाहेर डोकावतो, कुणी भेटायला येतंय का बघतो. मग वाटू लागतं, इथल्या बांधवांमध्ये प्रेमच उरलेलं नाही. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी गेलो तर देवाची सेवा किती सोपी होईल! सोळाशे वर्षांपूर्वीची ही नोंद, आणि कोणत्याही गावच्या मंडळाच्या सचिवाने आज सही करून द्यावी इतकी नेमकी.

आता वाळवंटातून परत वाशिमला या. शहरात नाझरीन मिशनचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल आहे. डॉ. ऑर्फा स्पायकर ही अमेरिकी बाई १९३०च्या दशकात इथे आली आणि हे रुग्णालय उभं करण्यात तिने आयुष्याची काही दशकं घातली. परक्या मुलखात, तुटपुंज्या साधनांत, न संपणाऱ्या रांगेसमोर उभं राहणाऱ्या अशा सेवेकऱ्यांच्या हाती जो ग्रंथ असतो, त्यातही एक नामधारक आहे! त्याचं नाव एलीया.

एलीया संदेष्ट्याने नुकताच कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला असतो. लगेच राणीची धमकी येते आणि हा सिंहासारखा माणूस पळत सुटतो. रानात एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, पुरे झालं, मला ने आता. मग झोपतो. देवदूत येतो. आता तुम्हीच सांगा, एवढ्या मोठ्या भक्ताला देवदूत काय सांगेल? उपदेश करेल? धीर धर म्हणेल? नाही. तो त्याला हलवून उठवतो आणि म्हणतो, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो! देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला घालतो. त्यानंतर चाळीस दिवसांची वाटचाल, होरेब डोंगर, खडक फोडणारा वारा, भूकंप, आग. त्यातल्या कशातही देव नसतो. आणि सगळं शमल्यावर एक अगदी हळू आवाज.

भीमाकाठी चाललेला नामधारक आणि होरेबच्या वाटेवरचा एलीया एकमेकांना ओळखत नव्हते. भाषा निराळी, देव निराळा, दोन ग्रंथांमध्ये दोन हजार वर्षांच्या आसपास अंतर. तरी दोन्हीकडे क्रम तोच कसा?

माझं म्हणणं असं की दोन्ही परंपरांनी मानवी शरीर नीट पाहिलं होतं. हळू आवाज ऐकू यायला कान लागत नाहीत, शांत झालेलं शरीर लागतं. आणि शरीर शांत करायच्या ज्या युक्त्या त्यांनी शोधल्या, त्या बघून आजच्या हृदयतज्ज्ञांनीही तोंडात बोट घातलं.

इटलीतल्या पाव्हिया इथले लुचियानो बर्नार्दी. त्यांनी २३ निरोगी माणसांना दोन गोष्टी म्हणायला लावल्या: लॅटिनमधली मारियामातेची जपमाळ आणि तिबेटी बौद्धांचा ॐ मणि पद्मे हूँ. सोबत श्वास, रक्तदाब, हृदयाची गती मोजली. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. एरवी आपण मिनिटाला बारा-पंधरा वेळा श्वास घेतो. जपमाळेने तो सहावर आला. मंत्राने? तोही सहावर! आणि सहा हा आकडा साधासुधा नाही. आपल्या रक्तदाबात दर दहा सेकंदांना एक बारीक लाट येते, म्हणजे मिनिटाला सहा. जप करणाऱ्याचा श्वास आपसूक त्या लाटेच्या तालावर जाऊन बसतो आणि हृदय, रक्तवाहिन्या, श्वास सगळे एका ठेक्यात चालू लागतात. रोमचा पाद्री आणि ल्हासाचा लामा यांनी हे कुठल्या यंत्रावर मोजलं होतं? कुठल्याच नाही. पिढ्यान् पिढ्या म्हणत म्हणत त्यांनी ओळीची लांबी श्वासाला बरोबर बसेल अशी घासून घेतली असावी. दत्तभक्तांच्या जिभेवर असलेला अठरा अक्षरी मंत्र टेंबे स्वामींचा, म्हणजे वासुदेवानंद सरस्वतींचा. तो कुणी मशीनवर मोजल्याचं मी वाचलेलं नाही. तुम्ही मात्र संध्याकाळी सावकाश म्हणून बघा, श्वास काय करतो ते तुम्हालाच कळेल.

आता त्याहून नवलाची गोष्ट. शरीराला आपल्याआधी काही कळतं का? १९९७ साली आयोवा विद्यापीठात अँटोनियो दामासिओ आणि सहकाऱ्यांनी लोकांपुढे पत्त्यांचे चार गठ्ठे ठेवले. दोन गठ्ठे फायद्याचे, दोन बुडवणारे, पण हे कुणाला सांगितलेलं नव्हतं. दहा-एक पत्ते झाले आणि वाईट गठ्ठ्याकडे हात जाताना तळव्यांना घाम येऊ लागला. कोणता गठ्ठा वाईट हे तोंडाने सांगता यायला मात्र पुढचे कित्येक पत्ते जावे लागले. या प्रयोगावर नंतर वाद झाले. माणसांना वाटतं त्यापेक्षा लवकर उमगलेलं असतं, असं काही संशोधकांनी दाखवलं. तरी एवढं तर खरंच की जाणीव एकदम येत नाही. ती आधी कुजबुजते.

भक्त याला ईश्वराची प्रेरणा म्हणतील, शास्त्रज्ञ दुसरं काही म्हणतील. मला हे दोघं भांडतायत असं वाटत नाही. देव हाक देत असेल तर तीही शेवटी याच देहातून ऐकू यायची आहे.

म्हणूनच ‘गुरुचरित्रा’च्या पारायणाचा एक नियम मला अतिशय लोभस वाटतो. सप्ताहात वाचकाने रात्री देवाजवळ चटईवर झोपावं, आणि तेही डाव्या कुशीवर. का? म्हणजे स्वप्नात दृष्टांत झाला, गुरूंनी काही सांगितलं तर ते ऐकू येईल. केवढा विश्वास आहे यात! दिवसभर वाचन, आणि उत्तराची वाट बघायची ती झोपेत. उत्तर येण्यासाठी झोप हा पारायणाचाच भाग.

याच कारंज्यात दत्तभक्तांच्या शेजारी जैनांची तीन जुनी मंदिरं आहेत, काष्ठासंघ, सेनगण आणि बलात्कारगण या तीन परंपरांची. या धर्मात सामायिक नावाचं व्रत आहे. दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं, एका जागी समभावाने बसायचं. काही मागायचं नाही. रोज.

पण थकलेल्या सेवेकऱ्यासाठी या देशाने लावलेला सगळ्यात भव्य शोध आकाशातून पडतो. पाऊस! जुलै महिन्यात वाशिमच्या काळ्या रानात चार पावलं टाकून बघा. पहिल्या पावलाला चपलेला चिखल चिकटतो, चौथ्याला पाय उचलत नाही, आणि पाचव्याला चपल तिथेच राहते. आता गावोगाव अनवाणी फिरणाऱ्या भिक्षूची कल्पना करा. बौद्धांच्या विनयग्रंथात येतं की लोक भिक्षूंवर रागावले होते. पक्षीसुद्धा पावसात घरटं करून बसतात, आणि हे मात्र हिरवं गवत तुडवत, बारके जीव मारत हिंडतात! मग बुद्धांनी वर्षावास सांगितला. जैन मुनी चातुर्मास पाळतात, हिंदू संन्यासीही. कारण दिलं गेलं ते किड्यामुंग्यांवरच्या दयेचं. पण त्या दयेचं छत्र फिरणाऱ्यावरही धरलं गेलं. दरवर्षी, न चुकता, न मागता थांबायची मुभा. थकलो म्हणायची लाजही नको, कारण पाऊस सगळ्यांवरच पडतोय.

नृसिंह सरस्वतींनी भिलवडीसमोर कृष्णाकाठी, औदुंबरला असाच चातुर्मास काढला. पण त्याच्या आधीचं त्यांचं पाऊल माझ्या मते साऱ्या चरित्रातलं सर्वांत धाडसी आहे. कीर्ती पसरली होती, लोकांची रीघ लागली होती. त्यात साधू होते तसे धूर्तही होते आणि प्रत्येकाला काहीतरी हवं होतं. तेव्हा परळी वैजनाथला गुरूंनी काय केलं? शिष्यांना बोलावलं, भारतभरच्या तीर्थांची भलीमोठी यादी सांगितली, सगळ्यांना यात्रेला पाठवून दिलं, श्रीशैलावर पुन्हा भेटू म्हणाले. आणि स्वतः वर्षभर गुप्त राहिले. ग्रंथ याला परशुरामाचा दाखला देतो. त्याने सगळी पृथ्वी दान केली तरी मागणारे थांबेनात, शेवटी तो पश्चिम समुद्राकडे जाऊन लपला. जो अवतार मानला जातो तोही म्हणतो, आता पुरे, मला दिसेनासं होऊ द्या! पुढे नरसोबाच्या वाडीला बारा वर्षं राहिल्यावर तिथूनही ते उठले आणि गाणगापूरला गेले. वाडीला मागे ठेवल्या त्या पादुका. माणूस निघाला, सेवा चालू राहिली.

इथे एक अवघड प्रश्न येतो, आणि तो टाळता येत नाही. आतून आलेली हाक खरी की थकव्यानेच काढलेली पळवाट, हे ओळखायचं कसं? इव्हाग्रियसच्या साधूलाही ‘दुसरीकडे जा’ असंच ऐकू येत होतं.

याचं उत्तर एका जखमी सैनिकाला सापडलं. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने इग्नेशियस लोयोला यांचा पाय मोडला.  महिनोन् महिने अंथरुणावर. वाचायला शूरवीरांच्या प्रेमकथा मागितल्या, मिळाली ती ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रं. पडल्यापडल्या ते दोन्ही प्रकारची स्वप्नं रंगवत. आणि त्यांनी एक बारीक फरक टिपला. दरबारी पराक्रमाची स्वप्नं चालू असताना गोड लागत, संपली की मन कोरडं पडे. संतांसारखं जगायची स्वप्नं संपल्यावरही आनंद मागे रेंगाळे. विचार येतो तेव्हाचं नाही, तो निघून गेल्यावर काय उरतं ते बघायचं! यातून त्यांनी पुढे एक रोकडा नियम केला. मन काळवंडलेलं असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही.

म्हणजे राजीनामा आज रात्री लिहायचा नाही. आधी झोप, भाकर, पाणी. आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर डॉक्टर गाठायचा. एलीयाच्या उशाशी ठेवलेल्या भाकरीचंच ते आजचं रूप आहे. आणि विहिरीत पाणी चढल्यावरही ती हाक तशीच, न ओरडता, न घाबरवता येत राहिली, तर एखाद्या जाणत्या माणसाला ती सांगून बघायची. नामधारकालाही स्वप्नाने वाट दाखवली, पण उलगडा करून सांगायला सिद्धमुनी हाडामासाचेच भेटावे लागले.

आणि ही हाक सांगते तरी काय? होरेबवरच्या त्या हळू आवाजाने एलीयाला विश्वाचं रहस्य सांगितलं नाही. त्याने विचारलं, तू इथे काय करतोस? मी एकटाच उरलोय, एलीया म्हणाला. उत्तर आलं, एकटा नाहीस, तुझ्यासारखे सात हजार आहेत. आणि मग काही नावं मिळाली. त्यातलं एक अलीशाचं. एलीया गेला तेव्हा अलीशा शेतात होता. पुढे बैलांच्या बारा जोड्या आणि तो नांगरतोय. एलीयाने आपला झगा त्याच्या अंगावर टाकला. ज्या माणसाला मरण हवं होतं, त्याला मिळाला तो कामाचा वाटेकरी!

आपल्या गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाने ही गोष्ट केव्हाच व्यवस्थेत बसवली आहे. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. पण म्हणून एकच विणेकरी सात दिवस उभा राहतो का? पहारे लागतात. दोन-दोन तासांची नावं मंडपाच्या खांबावर चिकटवलेली असतात: रात्री बारा ते दोन, दोन ते चार, चार ते सहा. वेळ झाली की पुढचा येतो, नमस्कार करतो, वीणा स्वतःच्या गळ्यात घेतो, आणि आधीचा घरी जाऊन झोपतो. यंदाच्या सप्ताहात तुमच्या गावच्या त्या यादीत एकच नाव किती वेळा आलंय, तेवढं जाऊन बघा, आणि एखाद्या ओळीत स्वतःचं लिहून या.